पाड्यावर चौथे दुकान काढण्याआधी



बचत गटांच्या बैठकांमध्ये या तिमाहीत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कर्जाचा नव्हता. "ताई, धंदा काय करू?" हा होता. विचारणाऱ्याच्या हातात पाच हजार, दहा हजार, फार तर वीस हजार रुपये असतात. ते कुठून आले हे मला बहुतेक वेळा ठाऊक असते. दोन बोकड विकलेले असतात, तुरीचे पैसे आलेले असतात, किंवा गुजरातेत बारडोलीकडे पाच-सहा महिने ऊस तोडून घरी आणलेली शिल्लक असते. हे पैसे बुडाले तर पुढच्या दिवाळीच्या सुमारास पुन्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, घराला कुलूप लावायचे आणि पोरांना शाळेतून काढून कोयत्याबरोबर न्यायचे. त्यामुळे या प्रश्नाला उत्साहाच्या भरात उत्तर देऊन चालत नाही.

विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक उत्तर आधीच तयार असते. "किराणा काढू का?" किराणा का, असे विचारले की म्हणतात, शेजारच्याचा चालतो म्हणून.

नवापूर तालुक्यातल्या पाड्यांवर फिरताना मी हे वारंवार पाहते. एकाची पिठाची गिरणी चालली की वर्षभरात दुसरी येते. एकाने मोबाइलचा रिचार्ज सुरू केला की तीन पाट्या लागतात. आपल्या लोकांना कष्टाचा कंटाळा नाही आणि हिशेबही अनेकांना चांगला येतो. अडते ते एका ठिकाणी. दुसऱ्याचा धंदा पाहून आपण धंदा निवडतो, गिऱ्हाइकाची अडचण पाहून निवडत नाही. स्पर्धा आणि कल्पकता हे दोन मोठे शब्द प्रशिक्षणात फळ्यावर लिहिले जातात, त्यांचा पाड्यावरचा अर्थ मला एवढाच दिसतो. तो थोडा उलगडून सांगते.

आधी एक हिशेब. समजा पाड्यावर साठ घरे आहेत. रेशनचे धान्य वेगळे मिळते, मोठी खरेदी आठवडे बाजारात होते. उरलेले तेल, साखर, चहा, साबण, बिस्किटे, काडेपेटी असे मिळून एक घर महिन्याला पंधराशे रुपये पाड्यावरच्या दुकानात खर्च करते असे धरू. एकच दुकान असेल तर विक्री नव्वद हजारांची. किराण्यात शेकडा दहा रुपये सुटले तर नऊ हजार. नवापूरहून माल आणायचे जीपभाडे, वीज, उंदराने कुरतडलेले, पावसात भिजलेले असे दोन हजार गेले, तर सात हजार हातात राहतात. शेताला जोड म्हणून वाईट नाही.

आता दुसरे दुकान निघाले. साठ घरांची एकशेवीस होत नाहीत. प्रत्येकाची विक्री पंचेचाळीस हजार, सुटणारे पैसे साडेचार हजार. पण जीपचे भाडे अर्धे होत नाही, वीज अर्धी होत नाही. ते दोन हजार दोघांनाही द्यावेच लागतात. हातात उरले अडीच हजार. तिसरे दुकान निघाले की विक्री प्रत्येकी तीस हजार, नफा तीन हजार, खर्च तोच दोन हजार. महिनाभर दुकानात बसून एक हजार रुपये. त्यात उधारी धरलेली नाही. एका घराकडे पाचशे रुपये अडकले की त्या महिन्याची अर्धी कमाई गेली. चौथे दुकान काढणारा माझ्याकडे सल्ला मागायला येतो तेव्हा मी त्याच्यासमोर हाच हिशेब मांडते. आकडे त्याच्या पाड्याचे घालायचे. बहुतेकांना कागदावर तिसरी ओळ लिहून होईपर्यंत कळते.

आमच्या शहरातल्या वाचकांना यात एक गोष्ट कदाचित लक्षात येणार नाही. शहरातल्या बाजारपेठेत एका रांगेत दहा सराफ सुखाने बसतात, कारण गिऱ्हाईक दहा गावांहून येते. रांग असते म्हणून तर ते येते. पाड्यावर बाहेरचे गिऱ्हाईक येत नाही. शिवाय गिऱ्हाईक हा नात्यातला असतो, आणि दुसरा दुकानदारही नात्यातलाच. आत्याच्या मुलाच्या दुकानातून साखर घेतली तर काकाचा मुलगा पाहतो. इथे स्पर्धा चुलीपर्यंत येते.

एका पाड्यावर असेच झाले. तीन दुकाने, पैकी दोन चुलतभावांची. धाकट्याने साखर किलोमागे एक रुपयाने उतरवली. मोठ्याने तेल उतरवले. दोन महिने दोघेही घाट्यात विकत होते. गिऱ्हाईक मात्र हुशार. रोखीने घ्यायचे ते स्वस्त मिळेल तिथून घेई आणि उधारी दुसऱ्याकडे करी. पुढे बोलणे बंद झाले. दोघे एकाच मंडळीतले. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठा भाऊ उपासनेला आला, पण प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर गेला. पाळकांनी मला हे सांगितले तेव्हा त्यांना वाटत होते की हा आध्यात्मिक प्रश्न आहे. तो होताच. पण त्याच्या मुळाशी साठ घरे भागिले तीन हे गणितही होते, आणि ते केवळ प्रार्थनेने बदलणार नव्हते.

त्या पाड्यावरच्या शास्त्रअभ्यासात आम्ही उत्पत्तीचा २६ वा अध्याय घेतला. इसहाकाच्या विहिरींची गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्याच्या चाकरांनी खोऱ्यात विहीर खणली, पाणी लागले, तेव्हा गराराचे गुराखी येऊन पाणी आमचे म्हणून भांडू लागले. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण. मग तो तिथून पुढे गेला आणि तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे ऐसपैस जागा. या गोष्टीवर आपण इसहाकाच्या शांत स्वभावाचे प्रवचन पुष्कळदा ऐकतो. मला त्यात दुसरेही दिसते. तो पुढे गेला, पण खणणे त्याने सोडले नाही. जे त्याला येत होते तेच त्याने नव्या जागी केले.

एका वयस्कर बाबांनी लगेच विचारले, "इसहाकाकडे जागा होती. आमच्याकडे जागा कुठे?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्या दिवशीची निम्मी चर्चा त्यावरच झाली. पाड्यावर मोकळी जमीन नसेल, पण मोकळी वेळ असते, जी कोणी धरलेली नसते. मोकळे काम असते, जे करायला माणूस नवापूरपर्यंत जातो. मोकळा आकार असतो, म्हणजे तीच वस्तू लोकांना हव्या त्या मापात किंवा रूपात कोणी देत नसते. धाकट्या भावाला त्या बैठकीत एक गोष्ट सुचली. ती मी सुचवलेली नव्हती, हे मुद्दाम सांगते.

आपल्याकडे आता बहुतेक घरांत पाठीवरचा सोळा लिटरचा बॅटरीवर चालणारा फवारणी पंप आहे. तो बिघडतो तो नेमका फवारणीच्या दिवसांत. नोझलमध्ये कचरा अडकतो, औषधाने वायरीचे टोक गंजते, चार्जर जळतो, बॅटरी धरत नाही. मग पंप घेऊन नवापूरला जायचे, दुकानदार म्हणतो ठेवून जा, म्हणजे जाण्यायेण्याच्या दोन खेपा आणि मजुरीचे दोन दिवस बुडाले. या भावाने दुकानातला माल हळूहळू संपवला, नवा भरला नाही. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पंधरा दिवस बिनपगारी बसला. मल्टिमीटर, झाळायची कावी, वायसर, नोझल, स्विच आणि बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एवढ्यावर चार हजारांच्या आत काम सुरू झाले. त्या दोन बॅटऱ्या तो विकत नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या गिऱ्हाइकाला वापरायला देतो, म्हणजे फवारणी थांबत नाही. नवापूरचा दुकानदार हे करत नाही, आणि माझ्या मते या धंद्यातली खरी कल्पकता त्या दोन बॅटऱ्यांत आहे. दुरुस्ती कोणीही शिकेल.

पावसाळ्यानंतर पंपाचे काम उतरते. तेव्हा तो टॉर्च, मिक्सर, पंखे घेतो, पण कमाई निम्म्याहून कमी होते. हे सांगायला हवे, नाहीतर गोष्ट फारच गोड वाटेल. भावाभावांत बोलणे सुरू झाले आहे, पूर्वीसारखे नाही. आणि तिसऱ्या दुकानदाराचे काय? त्याची चौदा हजार उधारी लोकांत अडकली, दुकान बंद झाले आणि हा लेख लिहीत असताना तो कुटुंबासह ऊसतोडीला गेलेला आहे.

कल्पकता म्हटले की काहीतरी नवे शोधून काढायचे असे लोकांना वाटते आणि ते घाबरतात. दहावी नापास मुलगा म्हणतो, मला कुठे शोध लावता येणार. शोध लावायचाच नसतो. नवापूरच्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला सुरतकडे कामाला जाणारे जीपची वाट पाहत उभे असतात. हॉटेले उघडतात सातनंतर. एक बहीण तिथे पहाटे पाचला चहाची किटली आणि फडक्यात गुंडाळलेल्या भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा घेऊन बसू लागली. आठ वाजता ती घरी परतते, तेव्हा हॉटेलवाल्यांचा धंदा सुरू होतो. त्यांची आणि तिची स्पर्धाच नाही. तिचे भांडवल किती? किटली, स्टोव्ह, दोन डबे. चहा कोणीही करतो, भाकर कोणीही करतो. पाच वाजता कोणी करत नव्हते.

आता पापडांकडे येते, कारण गटांना सर्वांत जास्त शिकवले जाते ते पापड, मसाले, अगरबत्ती आणि मेणबत्ती. शिकवणाऱ्यांना ते सोपे जाते. पण उडदाचा पापड करून विकायला निघालेला गट कोणाशी स्पर्धा करतो याचा विचार करा. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली. आज त्या संस्थेत हजारो बहिणी आहेत. पीठ शाखेत एकाच पद्धतीने मळले जाते, बहिणी ते घरी नेऊन लाटतात आणि पापड परत आणून देतात. त्यामुळे कुठल्याही पाकिटातला पापड सारखाच लागतो. ही व्यवस्था उभी राहायला दशके लागली. दहा जणींच्या गटाने तसाच उडदाचा पापड त्याहून स्वस्त विकायचा म्हटले, तर आपल्याच घामाचा भाव कमी करण्यापलीकडे मार्ग नसतो. सात जणींची गोष्ट सांगून गटांना पापडाला लावणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे भांडवल कमी होते हे ते सांगतात, त्यांची शिस्त सांगायची राहते.

नागलीचा पापड मात्र वेगळा. नागली आपल्याकडे आणि शेजारच्या डांगात पिकते. नागलीच्या पिठाची उकड काढून, तीळ-जिरे घालून केलेला पापड आपल्या बायकांच्या हाताला सवयीचा आहे. शहरात मधुमेहामुळे किंवा डॉक्टरांनी सांगितले म्हणून नागली शोधणारे लोक आहेत. इथे गटाजवळ असे काहीतरी आहे जे दुसऱ्याजवळ सहज नाही.

तरीही हिशेब हवाच. एका गटाने दहा किलो पापड केले. नागली आणि दळण पाचशे, तीळ-जिरे-पापडखार दोनशे, पाकिटे आणि चिठ्ठ्या अडीचशे, भाडे दीडशे, असे अकराशे रुपये. दोनशे ग्रॅमची पन्नास पाकिटे झाली, चाळीस रुपयांना एक विकले, दोन हजार आले. बहिणी खूश, नऊशे रुपये नफा! मी विचारले, किती जणी किती दिवस? पाच जणी दोन दिवस. म्हणजे दहा दिवसांची मजुरी नव्वद रुपये रोजाने. त्याच दिवसांत निंदणीला गेल्या असत्या तर अडीचशे रोज होता. बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाली, "म्हणजे आम्हीच पापडाला पैसे दिले." याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

यातून बाहेर पडायला त्यांनी दोन गोष्टी केल्या. लाटण्याऐवजी हाताने दाबायचे साधे यंत्र घेतले, त्यामुळे दोन दिवसांचे काम एका दिवसात होते. मजुरी अडीचशेने धरली तरी पाच जणींचे साडेबाराशे, अधिक अकराशे, म्हणजे पाकीट सत्तेचाळीस रुपयांना पडते. आणि चाळीसला विकणे बंद केले, साठ रुपये लावले. नवापूरच्या बाजारात साठला कोणी घेतले नाही. मिशनच्या शहरातल्या मंडळ्यांमध्ये आणि नोकरदार वसाहतींत घेतले. मजुरी काढून दहा किलोमागे साडेसहाशे रुपये गटाच्या खात्यात राहतात. रक्कम छोटी आहे, पण खरी आहे.

आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे, स्पर्धेचे आणखी एक रूप पाहायला मिळते. तिथे उन्हाळ्यात घराघरात आमचूर होतो. कैरी सोलायची, फोडी करायच्या, वाळवायच्या. सगळ्यांचा माल एकच, वेळ एकच, आणि लग्नसराई व पेरणीपूर्वीची पैशाची नड प्रत्येकाला एकाच वेळी. साहजिकच सगळे एकाच पंधरवड्यात विकायला निघतात आणि भाव व्यापारी ठरवतो. व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण तराजूसमोर आपणच एकमेकांचे भाव पाडत रांगेत उभे असतो.

आमचुराला भाव रंगावर मिळतो. पांढरट, स्वच्छ फोडीला जास्त, काळपट फोडीला कमी. काळेपणा येतो तो लोखंडी विळ्याने, जमिनीवर वाळवल्याने, आणि मे महिन्यातल्या अवकाळी सरीने. स्टीलचे सोलणे घेतले, खडकाऐवजी स्वच्छ कापडावर किंवा जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर वाळत घातले, ढग दिसताच गुंडाळून आत आणले, तर तीच कैरी वेगळ्या ढिगात जाते. दुसरी गोष्ट, सगळा माल एकदम न विकणे. निम्मा विकून नड भागवावी, उरलेला पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा दुहेरी पिशवीत बांधून ठेवावा. पावसाळ्याची दमट हवा लागली की आमचूर ओलसर होतो, बुरशी धरतो, म्हणून ही काळजी टाळता येत नाही. एकट्या घराला थांबणे जमत नाही, पोटाला लागते. इथे बचत गट उपयोगी पडतो. गटाने मालावर थोडी उचल दिली तर घर तीन महिने थांबू शकते. मुकादमाची उचल माणसाला बांधते, ही उचल फक्त आमचुराला बांधते.

देणगीदार वाचकांशी इथे थोडे स्पष्ट बोलते, राग मानू नये. शिलाई मशीन ही आपल्या सर्वांची आवडती देणगी आहे. फोटोही चांगला येतो. एका वस्तीत वेगवेगळ्या संस्थांनी, पुढाऱ्यांनी, योजनांनी मिळून चौदा मशीन दिलेली मी मोजली. चालू होती तीन. उरलेल्या अकरांवर कपडे वाळत होते. त्या वस्तीत ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका चौदा शिंपिणींना पुरतील इतक्या नव्हत्याच. चालू असलेल्या तिघींपैकी एक शाळेचे गणवेश शिवते, एक जुन्या कपड्यांच्या गोधड्या करते, आणि एक फक्त पिको-फॉल करते. तिघी एकमेकींकडे गिऱ्हाईक पाठवतात. चौदा मशीनांपेक्षा तीन मशीन आणि अकरा वेगळ्या वस्तू द्याव्यात, असे माझे मत आहे, आणि त्या वस्तू कोणत्या हे आधी त्या बायकांना विचारावे.

धंदा चालला की नक्कल होणार हे धरून चालावे. पंप दुरुस्तीवाल्याची नक्कल सुरू झाली आहे. पहाटेच्या चहावालीशेजारी गेल्या महिन्यात दुसरी किटली आली. यावर चिडून उपयोग नाही, कारण आपणही कोणाचे तरी पाहूनच शिकलेलो असतो. सगळेच एका धंद्यात गेले की मात्र धोका वाढतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्या नवापुरात. इथे कुक्कुटपालनाचा मोठा धंदा होता. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि त्यात परसातल्या गावठी कोंबड्याही गेल्या. ज्या घरात कोंबड्यांशिवाय दुसरी काही मिळकत होती ते घर तगले.

नक्कल करणाऱ्याला जोडीदार करून घेता येते का, हे आधी पाहावे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८ मध्ये पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण त्यांचा आणि त्याचा व्यवसाय एकच होता, राहुट्या करण्याचा. एकाच धंद्यातले म्हणून ते दूर झाले नाहीत, एकत्र काम करू लागले. पाड्यावर याचा साधा उपयोग आहे. वरच्या हिशेबात तीन दुकानदारांना मारणारा खर्च होता तो प्रत्येकी दोन हजारांचा. त्यात मोठा वाटा मालाच्या भाड्याचा. तिघांनी मिळून एक जीप केली, घाऊक माल एकत्र घेतला, तर भाडे तिघांत वाटले जाते आणि भावही थोडा उतरतो. दोन ठिकाणी हे सुरू झाले आहे. तिसऱ्या ठिकाणी पैसे कोणी धरायचे यावरून दोन बैठकांतच मोडले. वही आणि दोन सह्या नसतील तर ते मोडणारच.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण यात लोक फसवले जातात. उद्यम नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर मोफत होते. एका बहिणीकडून त्यासाठी एका दलालाने पंधराशे रुपये घेतले होते. खाण्याची वस्तू पाकिटात बंद करून विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि पाकिटावर वस्तूचे नाव, घटक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापावा लागतो. छोट्या उद्योगाची नोंदणी सोपी आहे, भिऊ नये. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते, पण ते कर्ज आहे, अनुदान नव्हे. हे मी प्रत्येक बैठकीत दोनदा सांगते. आदिवासी बांधवांसाठी नाशिकला मुख्यालय असलेले शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे, आणि गटांसाठी उमेद अभियानाचे कार्यकर्ते तालुक्याला भेटतात. पण यांपैकी कोणाकडेही जाण्याआधी घरची वही लिहावी.

ही वही म्हणजे दुसरे काही नाही. आठ दिवस शेजारपाजारच्या घरांनी पाड्याबाहेरून काय आणले, कशासाठी नवापूरला गेले, भाडे किती घातले, आणि काय न मिळता परत आले, एवढे रोज संध्याकाळी लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या शाळकरी मुलाने लिहावे. मग जे सर्वांत जास्त वेळा आले असेल ते पाचशे-हजार रुपयांत तीन बाजार करून पाहायचे. नाही चालले तर हजारच गेले, बोकड वाचले.

गेल्या महिन्यात किराणा काढायला निघालेल्या एका जोडप्याने ही वही लिहिली. आठ दिवसांत पाड्यावरची सतरा माणसे बाहेर गेली होती. साखर-तेलासाठी कोणीच नाही. पाच जण मोबाइलचे काहीतरी करायला, चार आजारी जनावराच्या औषधाला, तीन शाळेच्या दाखल्यांच्या झेरॉक्सला, दोन तूर भरडून डाळ करून आणायला, बाकीचे इतर कामांना. तूर भरडायच्या नोंदीवर नवरा-बायको दोघेही थांबले. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि आपण मात्र अख्खी तूर व्यापाऱ्याला विकून वर्षभर डाळ विकत आणतो. घरात सासूचे जाते पडून आहे. ते टाकी लावून घ्यायला किती लागतील, दिवसाला किती किलो भरडून होईल, आणि भरडाईचे किलोमागे काय घ्यावे, हे ते दोघे सध्या विचारत फिरत आहेत. पहिली पाच किलो ते स्वतःच्या घरची तूर घेऊन करणार आहेत.